सकाळी एका ओढीत चालू, चहानंतर बंद: गरम झाल्यावर हट्ट करणारी चेनसॉ

मशीन गार असताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत चालू होतं. अर्धा तास छान कापतं. मग फांद्या बाजूला ओढायला, चहाला किंवा पेट्रोल भरायला बंद केलं की पुन्हा चालू व्हायचं नाव घेत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तळहाताला फोड येतात. तासाभराने तेच मशीन मुकाट्याने चालू होतं आणि पुढच्या विश्रांतीला पुन्हा तोच प्रकार.

ठाणे, नवी मुंबईत पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. आणणारे सोसायट्यांचे माळी असतात, झावळ्या उतरवणारे असतात, एक-दोन मशीनवर धंदा करणारे छोटे ठेकेदार असतात. मशीन बहुधा २५ सीसीचं, बारा इंची बारचं, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीचं, छोटं; नाहीतर ५८ सीसी लिहिलेलं स्वस्तातलं. दोन्हींचं इंजिन टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटर डायफ्रामचा, म्हणजे आत पातळ लवचिक पडदा असलेला, आणि गरमपणीची दुखणी जवळपास सारखीच.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं वाया जातं: हा बिघाड मशीन गरम असतानाच दिसतो. कोलशेतहून किंवा ऐरोलीहून मशीन दुकानात पोचेपर्यंत ते गार झालेलं असतं. मेकॅनिक दोरी ओढतो, मशीन चालू होतं, तो प्लग घासून देतो, कार्ब्युरेटरचे स्क्रू थोडे फिरवतो आणि पैसे घेतो. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. त्याच्यासमोर बिघाड आलेलाच नसतो. म्हणून तपासणी झाडाखाली, मशीन नाही म्हणत असतानाच करायची. त्यासाठी प्लगचा पाना, हातमोजे, एक नवा प्लग आणि प्लग व टोपीच्या मध्ये लावायचा छोटा स्पार्क टेस्टर एवढं पिशवीत ठेवलं तरी पुरतं.

हे मी इतक्या कळकळीने लिहितोय त्याचं कारण दुरुस्तीचा खर्च नाही. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात असते, पार्किंगमधल्या गाड्या मिनतवारीने हलवलेल्या असतात, वॉचमन गेट अडवून उभा असतो, आणि मशीन चालू होत नाही. मग माणूस घाई करतो. एका हाताने मशीन खाली झटकत दुसऱ्या हाताने दोरी ओढतो. फांदीवर बसलेला माणूस तिथेच, दोराला लटकून, मशीन चालू करायला बघतो. जीव जाण्याचे प्रसंग इथे येतात. चालू करताना मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक, डावा हात पुढच्या हँडलवर. टॉप हँडलच्या छोट्या मशीनला मागचं हँडल नसतं. ते जमिनीवर घट्ट दाबून धरायचं. गरम मशीन चालू होत नसेल तर ते दोरीने खाली पाठवा आणि खालच्या माणसाने चालू करून बघावं, मग बंद करून, ब्रेक लावून वर द्यावं. यात सूट नाही.

आधी घड्याळ बघा

बंद केल्यावर किती वेळाने मशीन नाही म्हणतं, यावर निम्मं निदान होतं.

मशीन चालू असताना फ्लायव्हीलचा पंखा सिलिंडरवर सतत वारा मारत असतो आणि कार्ब्युरेटरमधून ताजं, गार पेट्रोल वाहत असतं. बंद केलं की पंखा थांबतो, पेट्रोल थांबतं, पण सिलिंडरमधली उष्णता तिथेच असते. ती हळूहळू कार्ब्युरेटरकडे आणि प्लगला करंट देणाऱ्या कॉइलकडे सरकते. म्हणजे कार्ब्युरेटर सगळ्यात जास्त तापतो तो काम चालू असताना नाही, तर बंद केल्यानंतर काही मिनिटांनी. नेमकी आपल्या चहाची वेळ.

त्यामुळे लगेच, मिनिटाभरात ओढलं तर चालू होतं, दहा-पंधरा मिनिटांनी होत नाही, आणि पाऊण तासाने पुन्हा होतं, असं असेल तर संशय पेट्रोलवर. बंद केल्याकेल्या लगेच ओढलं तरी होत नसेल आणि पूर्ण गार झाल्याशिवाय होतच नसेल, तर संशय कॉइलवर किंवा कंप्रेशनवर, म्हणजे इंजिनाच्या दमावर.

मशीन काम करता करता स्वतःहून बंद पडत असेल तर ते कसं बंद पडतं तेही ऐका. बटण दाबल्यासारखं खटकन बंद पडलं, तर करंट गेला. आवाज वर-खाली होत, रेस पकडत-सोडत, रेंगाळून बंद पडलं, तर पेट्रोलची गडबड. माणसं हे सांगायला विसरतात आणि मेकॅनिक विचारायला विसरतो. मानपाड्याजवळच्या एका सोसायटीतला फांद्या तोडणारा माणूस मला म्हणाला, "दादा, मरायच्या आधी ते दोनदा किंचाळतं बघा." किंचाळतं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तेवढ्या एका वाक्यावर कॉइल बदलण्याचा खर्च टळला.

प्लग ओला की सुका

मशीन नाही म्हटलं की पाच-सहा ओढींनंतर थांबा आणि प्लग काढा. मोजे घालून, कारण तो पोळतो. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, पण एकतर जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाहीये. टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. इथून दोन वेगळे रस्ते फुटतात. बहुतेक जण हे न बघता दोन्ही रस्त्यांवरच्या सगळ्या वस्तू एकदम बदलतात.

प्लग काढलाच आहे तर गॅप बघा. या छोट्या इंजिनांना तो साधारण ०.५ मिमी लागतो. प्लग जुना असेल तर सरळ नवा टाका. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर मेलेला प्लग मी पुष्कळदा पाहिलाय, आणि यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे.

ओला असेल तर

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते हेच: गरम मशीनला चोक दिलेला असतो. सकाळची सवय हाताला असते. गार इंजिनाला चोक हवाच, गरम इंजिनाला तो लागत नाही. चोक देऊन दोन-तीनदा ओढलं की पेट्रोल ओव्हर होतं, प्लग भिजतो, आणि मग कितीही ओढा. बऱ्याच मशीनना चोकची दांडी बाहेर ओढून लगेच आत ढकलली की चोक उघडतो पण रेस थोडी वर अडकून राहते. गरम मशीन चालू करायची जागा तीच. पहिला फट् असा आवाज ऐकू आला की पुन्हा चोक देऊ नका, एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी संपतील.

ओव्हर झालेलं मशीन मोकळं करायला स्विच बंद करा, प्लग काढा, मशीन उलटं करून प्लगचं भोक जमिनीकडे ठेवा आणि दोरी काही वेळा ओढा. आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं, म्हणून तोंड बाजूला, प्लगची टोपी भोकापासून लांब, आणि आसपास बिडी-सिगारेट कोणाचीच नको. प्लग पुसून, वाळवून बसवा. मग पेट्रोल भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर बाजूला जाऊन, चोकशिवाय ओढा.

चोक दिलाच नव्हता आणि तरीही प्लग ओला निघतो, तेव्हा मामला जरा खोल आहे. मशीन उन्हात ठेवलं होतं का बघा. काळी प्लास्टिकची टाकी मे महिन्याच्या उन्हात डांबरी पार्किंगवर चांगलीच तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि दाब वाढतो. टाकीच्या श्वासनळीतून, म्हणजे व्हेंटमधून, हवा आत जायला हवी आणि जादा दाब निघायला हवा. बऱ्याच मशीनमध्ये हा व्हेंट टाकीत खोचलेलं एक बारीक रबरी बूच असतं, काहींमध्ये झाकणातच. भुसा आणि चेन ऑइल मिळून तो बुजला की टाकीतला दाब पेट्रोलला कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल अडवणाऱ्या सुईवरून पुढे रेटतो. इंजिन बंद असतानाच आत पेट्रोल झिरपतं. व्हेंट नवा बसवला आणि मशीन सावलीत ठेवलं की हे थांबतं. तरीही थांबलं नाही तर सुई आणि तिची बैठक झिजली आहे. कार्ब्युरेटरचं किट, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या भागांचा संच, टाकावं लागेल.

तापलेल्या टाकीचं झाकण झटक्यात उघडू नका. दाबातलं पेट्रोल कारंज्यासारखं तोंडावर, कपड्यांवर आणि तापलेल्या सायलेन्सरवर उडतं. आधी गार होऊ द्या, मग फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा आणि फुस्स आवाज पूर्ण थांबला की काढा.

सुका असेल तर

इथे रबरी प्रायमर बल्ब असलेल्या मशीनला एक सोपी परीक्षा आहे. तो दाबा आणि आत बघा. नुसते बुडबुडे येत असतील, तर पेट्रोलची वाफ कार्ब्युरेटरमध्ये आणि नळीत अडकलीय. बुडबुडे संपून बल्ब पेट्रोलने भरेपर्यंत दाबत राहा. बहुतेक मशीनमध्ये हा बल्ब इंजिनात पेट्रोल टाकत नाही. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरमधून फिरवून परत टाकीत सोडतो. त्यामुळे जास्त दाबल्याने ओव्हर होण्याची भीती नाही, आणि तापलेलं वाफाळ पेट्रोल जाऊन त्या जागी थोडं गार पेट्रोल येतं. एवढ्याने मशीन चालू झालं तर दोष सापडला: वाफ.

दाबूनही बुडबुडे थांबतच नसतील तर वाफेपेक्षा नळीचा संशय घ्या. टाकीतून बाहेर येते तिथे नळी कडक होऊन चिरते. चीर बारीक असते, बोटाने वाकवल्याशिवाय दिसत नाही.

वाफेचा प्रश्न अलीकडे वाढलाय असं माझं ठाम मत आहे, आणि त्यात पेट्रोलचा वाटा आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि २०२५ पासून पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे जवळजवळ सगळीकडे तेच. बऱ्याच छोट्या टू-स्ट्रोक मशीनच्या पुस्तिकेत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. पेट्रोलमधला हलका भाग तसाही पस्तीस-चाळीस अंशांपासून उकळू लागतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. पातळ मिश्रणावर गार इंजिन चोकच्या आधाराने चालू होतं, पण गरम असताना चोक नाही आणि पेट्रोलही कमी, मग ते चालू कसं होणार? शिवाय कार्ब्युरेटरमधला डायफ्राम कालांतराने कडक होतो. कार्ब्युरेटर उघडला की तो बोटांत धरून हलवा. मऊ राहायला हवा. कुरकुरला तर बदला.

इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा बारा महिने. अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये पावसाळाभर ठेवलेल्या पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशी असतो. अशा मिश्रणावर मशीन चालवलं तर ते बिनतेलाचं चालतं. म्हणून लागेल तेवढंच मिसळा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. ५० ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, २५ ला १ म्हणजे ४० मिली. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघूनच. शेजाऱ्याच्या मशीनचं प्रमाण आपल्याला चालत नाही.

हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ असेल तर कार्ब्युरेटरचा एल स्क्रू, म्हणजे स्लोचा, थोडासा उघडावा लागतो. एका वेळी आठवा हिस्सा फेरा, त्याहून जास्त नाही. एअर फिल्टर धुऊन, वाळवून, इंजिन पूर्ण तापवून मगच हात लावा. रेस दिल्यावर अडखळत असेल तर अजून किंचित उघडा. धूर सोडत घुटमळत असेल तर परत घ्या. एच स्क्रूला, म्हणजे फुल रेसच्या, या तक्रारीसाठी हात लावायचं कारणच नाही. तो पातळ केला तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. जो कोणी गरम मशीन चालू होत नाही म्हणून दोन्ही स्क्रू मनाने फिरवतो, त्याच्याकडे मशीन देऊ नका.

मशीन गार ठेवायला अजून एक काम आहे, आणि ते फुकट होतं. वरचं कव्हर आणि स्टार्टरचं कव्हर काढून सिलिंडरवरच्या धातूच्या पात्यांमधला भुसा कोरून काढा. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री यांचं ओलं लाकूड कापलं की भुसा तेलात भिजून लापशीसारखा घट्ट बसतो. एका पात्याआड एक अशा त्या खाचा बुजल्या की पंख्याचा वारा आत शिरत नाही आणि सिलिंडर गरजेपेक्षा जास्त तापतो. सिलिंडर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधला उष्णता अडवणारा जाड प्लास्टिकचा तुकडा आणि त्याची पॅकिंग जागेवर आहेत का तेही तेव्हाच बघा. आधीच्या दुरुस्तीत पॅकिंग फाटून कशीतरी बसवलेली असते.

सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजली असेल तर घासून साफ करा. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून बदला. दोन्ही किरकोळ कामं.

करंट

प्लग ओला, चोक दिलेला नाही, मशीन मोकळं करूनही चालू होत नाही, तेव्हा टेस्टर लावा. गरम असतानाच. प्लग सिलिंडरवर टेकवून उघड्यावर ठिणगी बघायची आपल्याकडची पद्धत पेट्रोलने भिजलेल्या इंजिनाशेजारी फार धोक्याची आहे. टेस्टर स्वस्त मिळतो. ओढल्यावर दिवा लागत नाही आणि गार झाल्यावर लागतो, तर कॉइल किंवा तिची तार.

कॉइलवर शिक्का मारण्याआधी स्विचची तार काढून बघा. ही बारीक तार सिलिंडरजवळून जाते. तिचं कव्हर वितळलं की गरम झाल्यावर ती धातूला टेकते आणि करंट जमिनीला जातो, म्हणजे कोणीतरी सतत स्विच बंद धरल्यासारखं होतं. कॉइलकडून ती तार सोडवून मशीन चालू झालं तर कॉइल ठीक, तार खराब. या परीक्षेत स्विचने मशीन बंद होणार नाही. चोक देऊन बंद करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

तार ठीक असेल तर कॉइल आणि फ्लायव्हीलचं लोहचुंबक यांच्या मधलं अंतर बघा. साधारण ०.३ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढं. खाडीकाठच्या हवेत कॉइलच्या पायांवर आणि चुंबकावर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपरने घासा. त्यानंतरही गरमपणी करंट जात असेल तर कॉइल बदला. मीटरवर गार कॉइल तपासून "ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका: आतलं वेटोळं तापून फाकल्यावरच तुटतं, गार झालं की पुन्हा जुळतं. ठाण्यात कॉइल मिळाली नाही तर मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर जुनी कॉइल सोबत घेऊन जा. नुसतं मॉडेल सांगून आणलेली कॉइल पुष्कळदा बसत नाही.

दम

पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, तरी गरम झाल्यावर नाही. मग इंजिनाचा दम बघायचा. दोरीच्या मुठीला धरून मशीन सावकाश उचला. चांगलं कंप्रेशन असेल तर मशीन अडत, झटके देत खाली सरकतं. गार असताना असं अडणारं मशीन गरम झाल्यावर सळसळत खाली आलं, तर गळती पिस्टन-रिंगमध्ये आहे. तेल तापून पातळ होतं आणि गार असताना जी फट भरून निघत होती ती आता उघडी पडते. कंप्रेशनचा दाब मोजायचं मीटर असेल तर गरमपणीचा आकडा घ्या. १०० पीएसआयच्या खाली गेलेलं इंजिन क्वचितच धड चालू होतं.

खात्री करायची तर सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. गुळगुळीत, चकचकीत असेल तर ठीक. उभे ओरखडे, राखाडी चरे दिसले तर पिस्टन घासलाय. मग हिशेब करा: २५ सीसीच्या स्वस्त मशीनला सिलिंडर-पिस्टनचं किट, मजुरी आणि तुमचा खाडा झालेला दिवस यांच्या बेरजेत बऱ्याचदा नवं मशीन येतं; चांगल्या मशीनला मात्र किट टाकणं परवडतं.

किट टाकायचं ठरलं तर आधी पिस्टन का घासला ते शोधा. तेल कमी मिसळलं होतं का, ते मालकाला विचारा. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधलं रबर वाकवून चीर बघा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंचे ऑइल सील बघा. स्लोवर मशीन आपोआप रेस घेत असेल तर तिथून हवा ओढली जातेय हे जवळपास नक्की. हे सील बदलल्याशिवाय बसवलेला नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल, म्हणून सील आणि रबर आधी, किट नंतर.